दोघांच्या दोन सायकली

पाऊस उघडला. अश्विन लागला. साखऱ्याच्या शिवारात सोयाबीन निघाले. तूर अजून हिरवी आहे. वाटेवरचा चिखल वाळला, पण धुरळा अजून उडत नाही. सायकलीवर फिरायला याहून चांगले दिवस कोणते?

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले गाव. अशा गावात सायकलीवरून जोडपे निघाले, की धनी पायडल मारतो आणि कारभारीण मागे कॅरिअरवर बसते. लुगड्याचा काठ चाकात जाईल, म्हणून तिचा जीव मुठीत. ओझे वाढले, की धन्यालाही दम लागतो. मग फिरण्याची मजा कोणाला?

यावर उपाय एकच. दोघांनी दोन सायकली घ्याव्या. एक शेजाऱ्याची मागून आणली तरी चालते.

"मला जमंल का हो?" कारभारीण विचारते.

"का न जमंल? तू बैलगाडी हाकतीस की!"

शिकायचे कसे, ते ऐका. सीट खाली घ्या. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पदर खोचून घ्या. आधी पायडल मारू नका. पायांनीच सायकल पुढे रेटा. नजर चाकावर नको, समोर ठेवा. सायकल ज्या अंगाला कलते, त्याच अंगाला हॅण्डल थोडे वळवा. मग चाके आपल्या वजनाखाली येतात आणि सायकल सावरते. सायकल अगदीच हळू असली, तर हॅण्डल फार वळवावे लागते. म्हणून ती डगमगते. थोडा वेग आला, की भीती जाते.

जोडीने जाताना एक नियम पाळा. जो सावकाश चालवतो, त्याने पुढे राहावे. मागच्याने त्याच्या चालीने यावे. नाहीतर एक जण पुढे निघून जातो आणि दुसरा एकटा पडतो. डांबरी रस्त्यावर डावी बाजू धरा. मोटारी येत असतील तर एकामागे एक चला. कुठे रस्त्यावर सोयाबीन वाळत घातले असेल, तिथे खाली उतरा. दाण्यांवरून चाक घसरते.

निघण्याआधी हवा, ब्रेक आणि साखळी बघा. पाणी बरोबर घ्या. अश्विनातले ऊन दुपारी फार चटका देते. म्हणून सकाळी निघावे आणि ऊन चढायच्या आत परतावे.

पायी माणूस तासाला 4-5 किलोमीटर जातो. सायकलीवर तो सावकाश गेला, तरी 10-12 किलोमीटर जातो. फटफटीला पेट्रोल लागते. सायकलीला खाल्लेली भाकर पुरते.

तामिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे 1991 च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम झाली. शीला राणी चुंकत या बाई तिथे जिल्हाधिकारी होत्या. त्या मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. हजारो बायका शिकल्या. वर्गाला, कामाला, पाण्याला त्या आपल्या आपण जाऊ लागल्या. कोणी नेईल म्हणून वाट बघत बसणे संपले.

कारभारीण एकदा चालवायला शिकली, की ती नुसती फिरायलाच जाते असे नाही. पोराला ताप आला आणि धनी रानात असला, तर दवाखान्यातून औषध तीच आणते.

तेव्हा येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सायकली बाहेर काढा. पुढे कारभारणीला जाऊ द्या.