बेकरीतला सिंह



आमच्या चौथीच्या वर्गातली एक गंमत आधी सांगते. एकदा मी मुलांना म्हटलं, "चहा कसा करायचा ते वहीत लिहा. पण अशा माणसासाठी लिहा, की ज्याने जन्मात चहा पाहिलेला नाही. तो तुमचा शब्दन् शब्द ऐकेल, स्वतःची अक्कल मात्र मुळीच चालवणार नाही."

पाच मिनिटांत सगळ्यांचं लिहून झालं. मग मी टेबलावर पातेलं, पाण्याचा तांब्या आणि चहाचा पुडा मांडला आणि एकेकाची वही वाचून तसंच करायला लागले. एकाने लिहिलं होतं, 'पातेल्यात पाणी ओता.' मी ओतत राहिले. पातेलं काठोकाठ भरलं, पाणी टेबलावर वाहू लागलं, तरी थांबले नाही. "बाई, पुरे! पुरे!" वर्ग ओरडला. पण 'पुरे' असं वहीत होतं कुठे? दुसरीने लिहिलं होतं, 'चहाचा पुडा टाका.' मी न फोडलेला पुडाच पातेल्यात टाकला! हसून हसून मुलांची पोटं दुखली. ती मुलगी मात्र रुसून म्हणाली, "बाई, पुडा फोडून टाकायचा, ते समजतंच ना!"

'ते समजतंच ना' हे तीन शब्द लक्षात ठेवा. आजची गोष्ट त्यांचीच आहे.

संगणक हा अगदी त्या चहा न पाहिलेल्या माणसासारखा असतो. त्याला जे सांगाल तेवढंच तो करतो. त्याला सांगायच्या कामाची पायरी-पायरीने केलेली यादी म्हणजे 'प्रोग्रॅम', आणि ती लिहिणारा तो 'प्रोग्रॅमर'. प्रोग्रॅमर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेची उंच इमारत आणि संगणकाचीच एखादी कंपनी येते. पण पोलाद, मोटारी, साबण, बिस्किटं बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांतही प्रोग्रॅमर असतात. इतकंच काय, कचेरीच्या नेहमीच्या कामाला संगणक जुंपण्याचा मान जगात पहिल्यांदा मिळवला, तो चहा आणि केक विकणाऱ्या एका इंग्रज कंपनीने!

काखेत कळसा

त्या कंपनीचं नाव जे. लायन्स. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर १८९४ साली तिचं पहिलं चहाचं दुकान निघालं. पुढे अशी कितीतरी दुकानं झाली. पाव, केक, आइस्क्रीम, चहा असं सगळं कंपनी स्वतःच तयार करायची. लंडनच्या हॅमरस्मिथ भागात 'कॅडबी हॉल' नावाची तिची मोठी वसाहतच होती. भट्ट्या तिथेच आणि कचेऱ्याही तिथेच.

आता विचार करा. एका कप चहामागे, एका केकमागे नफा तो किती? थोडासाच. पण असे कप रोज हजारोंनी विकले जात. मग पैशापैशाचा हिशेब नको का ठेवायला? त्यासाठी दालनंच्या दालनं भरून कारकून बसलेले असत. दिवसभर बेरजा, वजाबाक्या आणि गुणाकार! या कंपनीत जॉन सिमन्स नावाचे एक अधिकारी होते. केंब्रिजला गणित शिकून ते १९२३ साली इथे आले होते. माणसांच्या डोक्याला शीण आणणारं हे काम सोपं कसं करता येईल, याचा ध्यास त्यांनी घेतला होता.

१९४७ साली कंपनीने आपले दोन अधिकारी नव्या कचेरी-यंत्रांची माहिती घ्यायला अमेरिकेला धाडले. तिथे त्यांना समजलं, की असं गणिती यंत्र इंग्लंडमध्ये, आपल्या केंब्रिज विद्यापीठातच तयार होतंय! काखेत कळसा आणि गावाला वळसा, असंच झालं म्हणा ना. मग लायन्सने केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांना ३,००० पौंड दिले आणि मदतीला आपला एक माणूसही दिला. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजचं यंत्र चालू झालं. मग लायन्सने जॉन पिंकर्टन या इंजिनिअरच्या हाताखाली तसंच, पण कचेरीच्या कामाला सोयीचं यंत्र स्वतःच बांधायला घेतलं. त्याचं नाव 'लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस'. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं 'लिओ'. आणि लॅटिन भाषेत लिओ म्हणजे सिंह!

हा सिंह अंगाने भलताच मोठा होता. जुन्या रेडिओत असायचे तसे सुमारे ६,००० व्हॉल्व्ह त्यात होते. एक मोठी खोली त्याने व्यापली होती. स्मरणशक्ती मात्र एवढीशी. पाऱ्याने भरलेल्या नळ्यांमध्ये तो २,०४८ आकडे ठेवू शके. घरातल्या मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावला नसता. पण १९५१ च्या नोव्हेंबरअखेर या सिंहाने बेकरीच्या मालाच्या किमतीचा हिशेब दर आठवड्याला नेमाने करायला सुरुवात केली.

प्रोग्रॅमर आणायचे कुठून?

यंत्र झालं, पण त्याला काम सांगणारी माणसं? त्या काळी हे शिकवणारी कॉलेजं नव्हती. मग कंपनीने ती आपल्याच कचेरीतून निवडली. त्यांचे प्रमुख होते डेव्हिड कॅमिनर. त्यांना विजेच्या यंत्रापेक्षा लायन्सचं कामकाज जास्त ठाऊक होतं. कुठला कागद कुठून निघतो, कुणाच्या टेबलावर जातो आणि का जातो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

१९५२ साली मेरी ब्लड ही तरुण मुलगी लायन्समध्ये आली. तिची पदवी फ्रेंच भाषेची. सुरुवातीला ती आइस्क्रीमच्या विक्रीचे आकडे मांडायची. पुढे कंपनीने संगणकाची तोंडओळख करून देणारा एक आठवड्याचा वर्ग घेतला. रोज व्याख्यानं आणि रोज परीक्षा. त्यातून जे मोजके जण निवडले गेले, त्यांत मेरी होती. कचेरीच्या कामासाठी प्रोग्रॅम लिहिणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव आज घेतलं जातं. लग्नानंतर ती मेरी कूम्ब्ज झाली. आणि गंमत म्हणजे, पुढे काही वर्षं मेरीबाई चक्क प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. म्हणजे आमच्याच पंगतीतल्या की!

पगाराचं पाकीट

मेरी आणि तिच्या सोबत्यांपुढचं मोठं काम होतं पगाराचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? तास गुणिले दर, झालं!

बरं, आधी ही बेरीज करून पाहा: ३ पौंड १७ शिलिंग ९ पेन्स अधिक १ पौंड ४ शिलिंग ६ पेन्स. तेव्हा इंग्लंडात १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगचा एक पौंड असे. (आपल्याकडेही १९५७ पर्यंत १६ आण्यांचा रुपया होता. आजी-आजोबांना विचारा!) उत्तर आलं का? ५ पौंड २ शिलिंग ३ पेन्स. लिओला तर दोनच अंक कळत, शून्य आणि एक. त्याला हे बाराचे आणि विसाचे हातचे आधी शिकवावे लागले.

पण खरी अडचण हातच्यांची नव्हतीच. एखादा कामगार तीन दिवस आजारी पडला तर? कुणी आठवड्याच्या मधेच कामावर लागला तर? कुणाच्या पगारापेक्षा कपातच जास्त निघाली तर? जुन्या कारकुनाला या गोष्टी नुसत्या सवयीने ठाऊक असतात. "असं असलं तर काय करता?" असं त्याला विचारलं, की तो म्हणणार, "त्यात काय, ते समजतंच ना!" तेच आपलं चहाच्या पुड्यासारखं!

म्हणून कारखान्यातल्या प्रोग्रॅमरचं निम्मं काम यंत्रासमोर नसतंच. ते कारकुनाच्या टेबलाशी, भट्टीपाशी, गोदामात, दुकानाच्या गल्ल्यावर असतं. विचारायचं, ऐकायचं, पुन्हा विचारायचं. ज्याला वीस वर्षांचा अनुभव आहे, त्याच्यापुढे "मला कळलं नाही, पुन्हा सांगता का?" असं म्हणायची लाज वाटून चालत नाही. कारण जे आपल्याला कळलं नाही, ते यंत्राला कुठून कळणार?

आणि चुकलं तर? केकचा हिशेब चुकला, तर कंपनीचे चार पैसे जातील. पण पगाराचा हिशेब चुकला किंवा वेळेवर झालाच नाही, तर कामगाराच्या घरी दूध यायचं नाही, घरभाडं थकेल. म्हणून कॅमिनर फार कडक असत. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने ओळ न् ओळ तपासल्याशिवाय यंत्रावर चढायचा नाही. यंत्र मधेच बंद पडलं, तर पहिल्यापासून नव्हे, मधल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करता यावं, अशी सोय आधीच करून ठेवायची. हजारो व्हॉल्व्हपैकी एखादा कधीही जाऊ शकत असे, हे विसरायचं नाही. आणि लिओचं उत्तर कारकुनांच्या उत्तराशी जुळतं की नाही, हे नीट पाहिल्याशिवाय त्याच्यावर भार टाकायचा नाही.

या सगळ्या खटाटोपाचं फळ काय मिळालं? एका माणसाचा पगार काढायला सराईत कारकुनाला ८ मिनिटं लागत. लिओ तेच काम दीड सेकंदात करू लागला!

टाळ्या वाजवाव्याशा वाटतात ना? जरूर वाजवा. पण जरा थांबा. ज्या कारकुनांनी आपलं काम समजावून सांगितलं, त्यांच्याच हातातलं ते काम पुढे यंत्राने घेतलं. नवं यंत्र आलं, की "आता आमचं काय?" हा प्रश्न येतोच. तो तेव्हाही होता आणि आजही आहे. कारखान्यातला प्रोग्रॅमर या माणसांबरोबर एकाच छपराखाली काम करतो. त्यामुळे त्याला हा प्रश्न विसरून चालत नाही.

यंत्राने माणसाचं ओझं हलकंही होतं, हे लायन्सच्या दुकानांत दिसलं. दुकान सांभाळणाऱ्या बायकांना उद्या काय काय माल हवा, त्याची लांबलचक यादी रोज भरावी लागे. १९५४ साली ही पद्धत बदलली. सोमवारी काय लागतं, मंगळवारी काय लागतं, ही नेहमीची मागणी कार्डांवर भोकं पाडून नोंदवून ठेवली. आता फक्त फोन करून बदल सांगायचा, 'उद्या पाव थोडे जास्त पाठवा.' बाकीचं लिओ बघून घेई. ही युक्ती कुणाला सुचेल? दुकानात दिवस कसा जातो, हे ज्याने पाहिलंय त्यालाच.

सिंह गेला, रीत राहिली

पुढे लिओची कीर्ती पसरली. फोर्ड मोटार कंपनीच्या इंग्लंडमधल्या कामगारांचे पगारही तो काढू लागला. लायन्सने संगणक बनवून विकायची वेगळी कंपनीच काढली. पहिला लिओ १९६५ च्या जानेवारीत थांबला. लायन्सची चहाची दुकानंही पुढे बंद झाली. पण 'आधी काम समजून घ्या, मग प्रोग्रॅम लिहा' ही रीत मागे राहिली.

आपल्याकडेही असंच झालं. १९६८ साली मुंबईत टाटांनी संगणकाच्या कामाची कंपनी सुरू केली, तेव्हा तिच्या पहिल्या कामांत टाटांच्याच पोलाद कंपनीची पंचकार्डांची कामं होती. म्हणजे इथेही सुरुवात जुन्या कारखान्याचं काम समजून घेण्यापासूनच झाली.

तेव्हा मुलांनो, पुढे-मागे तुमच्यापैकी कुणी प्रोग्रॅमर झालं, तर गणित यायला हवंच. पण कान उघडे आणि जीभ नम्र हवी. आणि पालकहो, मूल सारखं "का?" विचारतं म्हणून वैतागू नका. मेरी आणि तिच्या सोबत्यांना पगार मिळायचा तो हाच प्रश्न विचारण्याचा!

करून पाहा

आई, बाबा, शेजारचे वाणीकाका किंवा ओळखीचे एसटीचे कंडक्टरकाका यांच्यापैकी कुणालाही त्यांचं एक काम पायरी-पायरीने सांगायला लावा आणि ते वहीत उतरवा. ते जिथे जिथे "ते समजतंच ना!" म्हणतील, तिथे लाल पेन्सिलीने फुली मारा. मग पुन्हा विचारा. एकही फुली उरली नाही, की समजा, तुमचा पहिला प्रोग्रॅम झाला!

आणि हो, चहाचा प्रयोग करणार असाल, तर पाणी ओतायच्या आधी खाली फडकं घालायला विसरू नका. नाहीतर आई रागावेल. ते मात्र खरंच समजतंच ना!