उधारी ठेवून गायब झालेली पार्टी कशी शोधायची?

मालाडच्या एका दुकानदाराकडे माझे ४२ हजार अडकले होते. एक दिवस गेलो तर शटर बंद, फोनही बंद. शेजारी म्हणाले, "गेले ते, विरारकडे कुठेतरी."

घरी येऊन जुनं बिल काढलं. त्यावर पार्टीचा १५ अक्षरी जीएसटी नंबर होताच. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे चक्क त्याचा पॅन! जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये पॅनने शोधलं. लॉगिनसुद्धा लागत नाही. जुनी नोंदणी रद्द, पण त्याच पॅनवर दुसरी चालू! नंबरवर क्लिक केलं, नव्या दुकानाचा पत्ता समोर.

पार्टी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एमसीएच्या साइटवर नोंदणीकृत पत्ता मिळतो. ई-कोर्ट्सवर नावाने केसेस दिसतात, पण एकाच नावाची दहा माणसं असतात, खात्री करूनच पुढे जा.

पत्ता मिळाला म्हणून दारात जाऊन तमाशा करू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो तर मुळीच नको. मी वकिलाकडून नोटीस पाठवली. उधारीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांचीच मुदत असते, म्हणून थांबलो नाही. आठवड्याने त्याचाच फोन आला. २० हजार लगेच मिळाले, बाकीचे हप्त्याने येतायत.