पत्तनिक्कुज्जन : विनयपिटकांतील एक संघकर्म व ब्रह्मदेशांतील त्याचा अर्वाचीन प्रयोग

‘पत्तनिक्कुज्जन’ हा पाली विनयग्रंथांतील एक पारिभाषिक शब्द आहे. पत्त म्हणजे भिक्षूचें भिक्षापात्र, व निक्कुज्जन म्हणजे पालथें घालणें. संस्कृतांतील ‘कुब्ज’ शब्दाशीं त्याचें नातें उघड आहे. याच्या उलट क्रिया ती ‘उक्कुज्जन’, म्हणजे पात्र पुन्हा उताणें करणें. एखाद्या उपासकाकडून कोणतेंही दान स्वीकारावयाचें नाहीं, असा जो संघाचा विधिपूर्वक ठराव, त्यास पत्तनिक्कुज्जनकर्म म्हणतात. हा प्राचीन शब्द इ. स. १९९० व २००७ या सालीं ब्रह्मदेशांत लष्करी सत्तेविरुद्ध उच्चारला गेला, आणि त्यापायीं शेंकडों भिक्षूंस तुरुंगवास घडला. या विधीचें मूळ काय, त्याच्या अटी कोणत्या, व राज्यकर्त्यांवर झालेला त्याचा प्रयोग ग्रंथास धरून होता कीं काय, याचें विवेचन येथें करावयाचें आहे.

विधीचें मूळ चुल्लवग्गाच्या पांचव्या खंधकांत आहे. विनयाचा सामान्य परिचय मराठी वाचकांस धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनामुळें पूर्वींच झालेला आहे; म्हणून कथा संक्षेपानें सांगतों. वैशाली येथें वड्ढ नांवाचा एक लिच्छवी होता. कांहीं दुष्ट भिक्षूंच्या चिथावणीवरून त्यानें दब्ब मल्लपुत्त या सच्छील भिक्षूवर, आपल्या पत्नीस भ्रष्ट केल्याचा खोटा आळ घेतला. चौकशी होऊन आळ खोटा ठरला. तेव्हां वड्ढाविरुद्ध पात्र पालथें घालण्याची आज्ञा बुद्धानें संघास केली. आनंदानें ती वार्ता सांगतांच वड्ढ मूर्च्छित होऊन पडला. पुढें ओल्या वस्त्रांनीं व ओल्या केसांनीं तो बुद्धाकडे आला, अपराध कबूल केला, आणि संघानें पात्र पुन्हा उताणें केलें.

या कथेच्या अनुषंगानें विनयांत आठ कारणें सांगितलीं आहेत. भिक्षूंस लाभ होऊं नये म्हणून खटपट करणें, त्यांच्या अहिताची खटपट करणें, त्यांचा निवास मोडूं पाहणें, त्यांस शिव्याशाप देणें, भिक्षूंभिक्षूंत फूट पाडणें, तसेंच बुद्ध, धर्म व संघ यांपैकीं प्रत्येकाची निंदा करणें, हीं तीं होत. अंगुत्तरनिकायाच्या अष्टकनिपातांतही हींच येतात. कर्म करतांना समर्थ भिक्षूनें संघापुढें प्रस्ताव मांडावयाचा, तो एकदां पुकारावयाचा, आणि सर्व मौन राहिले म्हणजे ठराव संमत झाला असें समजावयाचें. अट्ठकथेचा खुलासा असा कीं, पात्र खरोखर उपडें करण्याची आवश्यकता नाहीं. त्या माणसाच्या घरचें दान न घेणें हाच शब्दाचा अर्थ आहे.

धर्मशास्त्राच्या अभ्यासकास येथें घटस्फोटाचें स्मरण होईल. पतिताचा त्याग करतांना दासीनें पाण्यानें भरलेला घट पायानें उपडा करावा, आणि प्रायश्चित्त झाल्यावर त्याच्यासह पवित्र जलाशयांत स्नान करून ज्ञातींनीं नवा घट पाण्यांत सोडावा, असें मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत विधान आहे. मराठींत हा शब्द आज विवाहविच्छेदापुरता उरला आहे, ही गोष्ट निराळी. दोन्ही विधींत भांडें उपडें होतें, व दोन्हींत परत येण्याची वाट राखलेली असते. परंतु भेद महत्त्वाचा आहे. घटस्फोटांत बलवान् समुदाय एकट्या माणसास टाकतो. निक्कुज्जनांत ज्याचे हातीं भिक्षेखेरीज कांहीं नाहीं, असा याचकच दात्यास नाकारतो.

हें नाकारणें जड कां वाटावें, हें समजण्यास दानाची कल्पना ध्यानांत घ्यावी लागते. थेरवादी समाजांत संघास पुण्यक्षेत्र मानितात. भिक्षू अन्न घेतो तेव्हां उपकार दात्यावर होतो, कारण बीज पेरावयास त्यास भूमि मिळते. संघानें हात आंखडला कीं ती भूमि बंद झाली. ब्रह्मदेशांतील राजे विहार व स्तूप बांधून आपलें राजेपण लोकांच्या मनांत स्थिर करीत, आणि पुढील सेनापतींनींही तोच मार्ग धरला. रंगूनच्या श्वेडगोन स्तूपावर १९९९ सालीं नवें छत्र चढविण्यांत आलें तें लष्करी राजवटींतच. ज्या सत्तेस लोकांची संमति नाहीं, तिला दानाचा हा आधार अधिकच लागतो.

लष्करानें २ मार्च १९६२ रोजीं सेनापति ने विन याच्या नेतृत्वाखालीं सत्ता घेतली. सप्टेंबर १९८७ मध्यें २५, ३५ व ७५ क्यातच्या नोटा मोबदल्यावांचून रद्द केल्यानें लोकांची सांठविलेली पुंजी बुडाली. ८ ऑगस्ट १९८८ रोजीं देशभर उठाव झाला, तो गोळीबारानें दडपला गेला, आणि १८ सप्टेंबरास लष्करानें नव्या नांवानें सत्ता पुन्हा हातीं घेतली. तथापि २७ मे १९९० च्या निवडणुकींत आँग सान सू ची यांच्या पक्षास ३९२ जागा मिळाल्या. त्या स्वतः तेव्हां स्थानबद्ध होत्या. सत्ता मात्र सोंपविली गेली नाहीं.

उठावाच्या दुसऱ्या स्मृतिदिनीं, ८ ऑगस्ट १९९० रोजीं, मंडाले येथें भिक्षेस निघालेल्या भिक्षूंच्या जमावावर सैनिकांनीं गोळ्या झाडल्या. २७ ऑगस्टास त्याच शहरीं हजारों भिक्षूंनीं जमून सैनिक व त्यांचीं कुटुंबें यांच्याविरुद्ध पत्तनिक्कुज्जन जाहीर केलें. भिक्षू त्यांच्या घरची भिक्षा घेईनात, त्यांच्या घरीं और्ध्वदेहिक प्रसंगींही जाईनात. ऑक्टोबरांत लष्करानें विहारांस वेढे घालून शेंकडों भिक्षूंस पकडलें व बहिष्कार मोडून काढला.

दुसरा प्रयोग २००७ सालचा. १५ ऑगस्ट रोजीं सरकारनें इंधनाचे दर एकाएकीं वाढविले. डिझेल दुप्पट झालें, मोटारींचा वायु पांचपट. ५ सप्टेंबरास पखोक्कू येथें निदर्शनें करणाऱ्या भिक्षूंस मारहाण झाली. भिक्षूंच्या संघटनेनें १७ तारखेपर्यंत क्षमायाचनेची मुदत दिली. त्यासोबत दर उतरवावेत, राजबंदी सोडावेत व लोकपक्षाशीं बोलणीं करावींत, अशाही मागण्या होत्या. क्षमा मागितली गेली नाहीं, आणि १८ सप्टेंबरास पात्रें पालथीं झालीं. अट्ठकथेस आवश्यक नसतांही कित्येक भिक्षूंनीं पात्र खरोखर उपडें धरून, मेत्तसुत्ताचा पाठ करीत रस्त्यानें मिरविलें. २४ तारखेस रंगून येथें भिक्षू व नागरिक यांचा प्रचंड समुदाय लोटला. २६ पासून लाठ्या, अश्रुधूर व गोळ्या सुरू झाल्या, आणि रात्रीं विहारांवर छापे पडले. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीनें मृतांची संख्या किमान ३१ दिली.

आतां मूळ प्रश्न. भिक्षूंनीं राजकारणांत पडूं नये, हा सरकारचा आक्षेप होता. परंतु निवडणुकीचा निकाल न मानणें वा दर वाढविणें हें आठ कारणांत बसत नाहीं, आणि भिक्षूंनींही कर्माचा आधार त्यावर ठेविला नव्हता. दोन्ही वेळीं कर्मास निमित्त झाला तो भिक्षूंवरील प्रहार. तो अहिताच्या कारणांत निःसंशय मोडतो. लोकसत्तेच्या मागण्या त्यासोबत आल्या. त्या कर्माचें कारण नव्हत्या. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. विनयांतील ठराव नांव घेऊन एका व्यक्तीविरुद्ध होतो; येथें तो संपूर्ण वर्गाविरुद्ध झाला. हा नियमाचा विस्तार होय, हें मान्य केलें पाहिजे. मात्र अपराध हुकमानें, सामुदायिकपणें घडला असतां एकट्या शिपायाचें नांव घेणें अधिक अन्यायाचें झालें असतें, असें आम्हांस वाटतें.

या कर्मानें सत्ता पडली नाहीं. वड्ढ मूर्च्छित झाला, सेनापति झाले नाहींत. भिक्षुवर्गही सदैव न्यायाच्याच बाजूस राहिला असें नाहीं. २०१२ नंतर त्यांतीलच कांहींनीं मुसलमानांविरुद्ध द्वेष पेटविला. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें पुन्हा सत्ता बळकावली, तेव्हां डॉक्टर, शिक्षक व रेल्वे कामगार यांनीं सरकारी काम सोडलें, आणि घरोघरीं, पिशाच्च हाकलण्याच्या जुन्या रिवाजानें, भांडीं वाजलीं. दडपशाही वाढल्यावर अनेकांनीं त्याच वर्षीं शस्त्रही धरलें. परंतु सरकारी कामास नकार देणाऱ्यांचें तत्त्व निक्कुज्जनाचेंच होतें. सत्ता घेणाऱ्यावर व राबणाऱ्यावर उभी असते. त्यांनीं हात काढून घेतला कीं तिला केवळ बंदुकीवर भार टाकावा लागतो, आणि तें सर्वांस दिसतें. १९९० सालीं विहारांस वेढे घालावे लागले, यावरून ही गोष्ट सत्ताधाऱ्यांसही कळली होती असें दिसतें.

शेवटीं संग्राहकांसाठीं एक गोष्ट नमूद करतों. रत्नागिरीस बंदिवासांत १९१६ सालीं वारलेल्या थिबा राजाचा पिता मिंडोन यानें मंडाले येथील कुथोडॉ स्तूपाभोंवतीं संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरविलें. काम १८६८ सालीं पुरें झालें. त्यांतील १११ शिला विनयाच्या आहेत, आणि चुल्लवग्ग त्यांतच येतो. ज्या शहरीं लोकमान्यांनीं बंदिवासांत गीतारहस्य लिहिलें, त्याच शहरीं हा नियम दगडावर आहे, व तेथेंच १९९० सालीं तो पाळला गेला. पोथीचें मोल आपण तिचा काळ, लिपि व शुद्धता यांवरून ठरवितों, आणि तें योग्यच आहे. परंतु एखाद्या वाक्यासाठीं माणसें तुरुंगांत जातात, तेव्हां त्या वाक्याचा पाठ व अर्थ निश्चित करणें हें संशोधकाचें अधिकच निकडीचें कर्तव्य ठरतें.