जुन्या कॅम्पर व्हॅनच्या विद्युत रचनेतील रिले : तत्त्व, क्रमांक आणि दोषशोधन

प्रस्तावना :
पश्चिम जर्मनीत १९५० साली फोक्सवॅगन कंपनीच्या 'टाइप २' या गाडीचे उत्पादन सुरू झाले. वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून तिला फिरत्या घराचे रूप दिले. १९७९ मध्ये आलेली तिसरी पिढी 'टी ३' या नावाने ओळखली जाते. या गाड्या आता जुन्या झाल्या असून, अनेक मालकांनी आपापल्या सोयीने दिवे, पंप, शीतकपाट यांच्या तारा त्यांत जोडल्या आहेत. या जोडण्यांचे आरेखन क्वचितच उपलब्ध असते. असे जाळे उलगडण्याची किल्ली रिले हा घटक होय. त्याचे कार्य स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रिलेचे तत्त्व :
रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. त्यातील कुंडलाचा रोध सुमारे ८० ओहम असल्यास १२ व्होल्टवर केवळ ०.१५ अँपियर प्रवाह वाहतो. तेवढ्याने निर्माण झालेले चुंबकत्व लोखंडी पट्टी ओढते आणि ३० अँपियरपर्यंत प्रवाह वाहू शकेल असे स्पर्शबिंदू जुळतात. आज्ञा देणारा प्रवाह अल्प आणि काम करणारा प्रवाह मोठा, अशी ही विभागणी आहे.

तिचे महत्त्व पुढील दिव्यांवरून लक्षात येते. ५५ वॅटचे दोन दिवे मिळून सुमारे ९ अँपियर प्रवाह घेतात. हा प्रवाह जुन्या स्विचमधून व लांब, बारीक तारांतून गेल्यास विभवांतर घटते. ते १० टक्क्यांनी घटले, तरी प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. रिले बसविल्यास मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड तारेने, जवळच्या मार्गाने दिव्याकडे जातो.

क्रमांकांची भाषा :
रिलेच्या टोकांवरील क्रमांक डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातील आहेत. भारतातील मोटारींच्या रिलेंवरही ते आढळतात. ८५ व ८६ ही कुंडलाची टोके. ३० कडे बॅटरीचा धन अग्र येतो. ८७ कडून उपकरणास प्रवाह मिळतो. ८७ए हे टोक रिले निष्क्रिय असताना ३० शी जोडलेले असते. गाडीच्या तारांमध्ये १५ म्हणजे किल्ली फिरविल्यावर सजीव होणारी तार, तर ३१ म्हणजे ऋण जोडणी.

दोन बॅटऱ्या, एक दुवा :
अशा गाडीत इंजिन सुरू करण्यासाठी एक व घरगुती वापरासाठी दुसरी बॅटरी असते. त्यांना जोडणाऱ्या रिलेचे कुंडल बहुधा अल्टरनेटरच्या 'डी प्लस' टोकावर चालते. अल्टरनेटर वीज निर्माण करू लागला की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात. इंजिन थांबताच त्या विलग होतात. मात्र दुसरी बॅटरी फार उतरलेली असल्यास जोडणीच्या क्षणी प्रचंड प्रवाह वाहून स्पर्शबिंदू एकमेकांस चिकटू शकतात. मग विलगीकरण नाहीसे होते. १०० वॅटचे शीतकपाट सुमारे ८ अँपियर प्रवाह घेते. रात्रीच्या आठ तासांत ते ६४ अँपियर-तास खर्च करील. परिणामी सकाळी निर्जन ठिकाणी इंजिन सुरू होणार नाही.

दोषशोधन :
१. इंजिन बंद ठेवून घरातील दिवे काही वेळ लावावेत. केवळ दुसऱ्या बॅटरीचे विभवांतर घटले पाहिजे. दोन्हींचे सारखेच घटत असल्यास रिले चिकटलेला असण्याची शक्यता आहे.
२. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट अपेक्षित आहेत.
३. दुसऱ्या बॅटरीवर ते न मिळाल्यास ८६, ८५, ३० व ८७ ही टोके याच क्रमाने तपासावीत. ८६ वर विभवांतर नसेल तर दोष आज्ञेच्या परिपथात. ८७ वरच नसेल तर स्पर्शबिंदूंत.
४. दोन बॅटऱ्यांमधील तार दोन्ही बाजूंनी सजीव असते. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या धन अग्राजवळ स्वतंत्र फ्यूज आवश्यक आहे. एकच फ्यूज असल्यास तार घासून उघडी पडताच दुसऱ्या बाजूने आग लागू शकते.
५. तारांना हात लावण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्यांची ऋण जोडणी सोडवावी.

निष्कर्ष :
जुन्या गाडीत तारांच्या रंगांवर विसंबणे धोक्याचे ठरते, कारण नंतरच्या जोडण्यांत रंगांचा नियम पाळलेला नसतो. रिलेवरील क्रमांक मात्र प्रत्येक टोकाचे कार्य सांगतात. आज्ञेचा परिपथ व कामाचा परिपथ वेगळे ओळखले, की अनोळखी हातांनी केलेली जोडणीही तर्काने उलगडता येते.