टाकीत उतरलेला माणूस हाक का मारत नाही? विद्यापीठाच्या आवारातील बंदिस्त जागा आणि आपली सुरक्षितता

एका वसतिगृहात प्लंबिंगचे काम करणारे गृहस्थ दवाखान्यात आले होते. कालपासून डोके दुखते, मळमळते, डोळे चुरचुरतात, अशी तक्रार होती. ॲसिडिटीची गोळी घेऊन झाली होती. काल काय काम केले, असे विचारल्यावर म्हणाले, "विशेष काही नाही डॉक्टर, मेसमागचा चेंबर तुंबला होता. पाच मिनिटं आत उतरलो. आधी वास फार येत होता, मग गेला."

वास "गेला" हे ऐकून मला धस्स झाले. वास बहुधा गेला नव्हता, त्यांच्या नाकाने काम करणे थांबवले होते. आणखी थोडा वेळ ते आत राहिले असते, तर तक्रार सांगायला आलेच नसते.

विद्यापीठ किंवा कॉलेज म्हटले की वर्ग, ग्रंथालय, मैदान डोळ्यांसमोर येते. पण हजारो माणसे राहतात आणि शिकतात तिथे एका छोट्या गावाइतक्या टाक्या, गटारे आणि यंत्रे असतात. त्यांची देखभाल करणाऱ्यांच्या आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांनी ही माहिती जरूर वाचावी.

बंदिस्त जागा म्हणजे कोणती?

जिथे माणूस आत शिरू शकतो, पण आत-बाहेर करण्याची वाट अरुंद असते, हवा खेळती नसते आणि जी जागा रोज माणसांनी वावरण्यासाठी बांधलेली नसते, ती बंदिस्त जागा. आवारात अशा जागा अनेक असतात:

- वसतिगृहांचे सेप्टिक टँक, ड्रेनेजचे मॅनहोल, मेसच्या सांडपाण्याचे चेंबर
- पाण्याच्या भूमिगत आणि गच्चीवरील टाक्या
- केबलचे भूमिगत चर, लिफ्टखालचा खड्डा, बॉयलर
- गोबरगॅस किंवा खरकट्यापासून गॅस करणारा प्रकल्प
- जुनी विहीर, कृषी महाविद्यालयातील मुरघासाचे खड्डे

प्रयोगशाळेतील द्रवरूप नायट्रोजन ठेवलेली लहान खोली वरील व्याख्येत बसतेच असे नाही, पण तिथला धोका याच प्रकारचा असतो.

जागा स्वच्छ दिसते म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. पाण्याच्या रिकाम्या लोखंडी टाकीला आतून गंज चढताना हवेतला ऑक्सिजन खर्च होतो. आतून रंग किंवा वॉटरप्रूफिंग केलेल्या टाकीत रसायनांची वाफ कोंडते.

आत गेल्यावर शरीरात काय होते?

*ऑक्सिजन कमी होणे.* मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. १६ टक्क्यांच्या आसपास नाडी आणि श्वास वाढतो आणि विचारशक्ती मंदावते. बाहेर यायला हवे, हेच सुचत नाही. १० टक्क्यांखाली शुद्ध हरपते. ६ टक्क्यांखाली काही मिनिटांत मृत्यू येतो.

"गुदमरायला लागलं की वर येईन," असे अनेकजण म्हणतात. पण गुदमरल्याची जाणीव मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. आत नुसता नायट्रोजन किंवा मिथेन भरलेला असेल, तर माणूस नेहमीसारखा श्वास घेत राहतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून धोक्याची सूचनाच मिळत नाही. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या हवेत एक-दोन श्वासांतच माणूस कोसळू शकतो. हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

*हायड्रोजन सल्फाइड.* मैला आणि खरकटे कुजताना हा वायू तयार होतो. त्याचे प्रमाण अगदी कमी असते तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण १०० भाग झाला की काही मिनिटांत वास ओळखण्याची शक्ती जाते. ५०० भागांच्या पुढे माणूस झटकन कोसळू शकतो. हा वायू पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. म्हणूनच सुरुवातीला ठीक वाटणारी टाकी काम सुरू झाल्यावर जीवघेणी ठरते.

*मिथेन.* याला वास नसतो. हवेत ५ ते १५ टक्के मिसळला असेल, तर एका ठिणगीने स्फोट होतो.

*कार्बन मोनॉक्साइड.* पाणी उपसण्यासाठी डिझेल किंवा पेट्रोलचा पंप टाकीत किंवा विहिरीत उतरवला की त्याच्या धुरातून हा वायू साठतो. त्यालाही वास नसतो.

*द्रवरूप नायट्रोजन.* पेशी आणि नमुने गोठवून ठेवण्यासाठी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो असतो. १ लिटर द्रवापासून जवळपास ७०० लिटर वायू होतो. लहान बंद खोलीत सांडला, तर तेथील ऑक्सिजन बाहेर ढकलला जातो. त्यामुळे त्याचे भांडे लिफ्टने न्यायचे असेल, तर सोबत माणसाने लिफ्टमध्ये चढू नये. शीतगृहात ठेवलेल्या कोरड्या बर्फातूनही असाच कार्बन डायऑक्साइड साठतो.

हे समज सोडून द्या

- *दिवा किंवा मेणबत्ती सोडून पाहणे:* हायड्रोजन सल्फाइड माणसाचा जीव घेईल इतका असला तरी दिवा जळत राहू शकतो. मिथेन असेल तर स्फोट होईल.
- *तोंडाला ओला रुमाल किंवा मास्क बांधणे:* रुमाल विषारी वायू अडवत नाही. फिल्टरचा मास्कसुद्धा ऑक्सिजन पुरवत नाही.
- *थोडा वेळ झाकण उघडे ठेवणे:* कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतात. ते तळाशीच राहतात.
- *"मी वीस वर्षे उतरतोय":* कालची हवा आणि आजची हवा एकच असेल असे नाही.

काम करण्याची योग्य पद्धत

पहिला प्रश्न हा असावा: उतरायची गरज आहे का? मैला सक्शन गाडीने उपसता येतो आणि तुंबलेली लाइन जेटिंगच्या गाडीने बाहेरूनच मोकळी होते. उतरणे खरोखरच अटळ असेल, तर:

१. लेखी परवानगी घ्यावी. त्यात जागा, काम, वेळ आणि जबाबदार व्यक्ती लिहिलेली असावी.
२. त्या जागेत येणाऱ्या लाइन, पंप आणि वीज बंद करून कुलूप लावावे.
३. वायू मोजणारे यंत्र दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी तपासणी करावी. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. काम चालू असतानाही यंत्र चालू ठेवावे.
४. ब्लोअरने बाहेरची ताजी हवा सतत आत सोडावी. ऑक्सिजनचा सिलिंडर सोडू नये, त्याने आगीचा धोका वाढतो.
५. उतरणाऱ्याने पूर्ण शरीराचा हार्नेस घालावा. त्याची दोरी वर तिकाटण्यावर बसवलेल्या कप्पीला जोडलेली असावी, म्हणजे कोणीही आत न उतरता त्याला वर ओढता येते.
६. तोंडाशी एक माणूस शेवटपर्यंत उभा असावा. त्याने दुसरे कुठलेही काम करू नये आणि आत तर मुळीच जाऊ नये.

कोणी आत कोसळले तर?

त्याच्यामागे उतरू नका. हे पाळणे फार कठीण आहे, कारण आत पडलेला आपला भाऊ किंवा सोबती असतो. अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटले होते की बंदिस्त जागेतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. आपल्याकडेही एकामागोमाग दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

- लगेच १०१ (अग्निशमन), १०८ (रुग्णवाहिका) किंवा ११२ ला फोन करा. "माणूस टाकीत बेशुद्ध पडला आहे, श्वसन उपकरण घेऊन या," असे स्पष्ट सांगा.
- हार्नेस असेल तर बाहेरूनच ओढून काढा. ब्लोअर असेल तर चालू ठेवा.
- बाहेर काढल्यावर रुग्णाला मोकळ्या हवेत न्या आणि मैल्याने भिजलेले कपडे काढा.
- श्वास चालत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्या. विषारी वायूची शक्यता असेल, तर तोंडाने श्वास देऊ नका.

"आता बरं वाटतंय" तरीही दवाखान्यात का जायचे?

हायड्रोजन सल्फाइड फुप्फुसांना इजा करतो. फुप्फुसांत पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही सुरू होऊ शकतो. बेशुद्ध झालेल्या, चक्कर आलेल्या किंवा गोंधळलेल्या रुग्णाला रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवावे लागते. पुढील दिवसांत धाप, खोकला, छातीत दुखणे, विसरभोळेपणा किंवा तोल जाणे दिसल्यास ताबडतोब दाखवा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडची बाधा असताना तो ९८ सुद्धा दाखवतो. डॉक्टरांना "चक्कर आली" एवढेच न सांगता कुठे उतरला होता, किती वेळ, वास होता का, पंप चालू होता का, हेही सांगा. निदान बहुतेक वेळा या उत्तरांतच असते.

कायदा काय सांगतो?

२०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, संरक्षक साधने आणि सुरक्षेची व्यवस्था न करता कोणाकडूनही गटार किंवा सेप्टिक टँक साफ करून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. काम ठेकेदाराला दिले म्हणून संस्थेची जबाबदारी संपत नाही. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले.

घरच्यांसाठी

घरातली व्यक्ती अशा कामावर असेल, तर कामाला निघताना एवढेच विचारा: "आज कुठे उतरायचं आहे का? वर कोण थांबणार? हवा तपासली का?" मुलगी किंवा मुलगा प्रयोगशाळेत असेल, तर नायट्रोजनच्या खोलीत ऑक्सिजनचा अलार्म आहे का आणि रात्री एकट्याने तिथे काम करावे लागते का, ते विचारा.

उत्तर "नाही, पण साहेब घाई करतायत" असे आले, तर नकार द्यायला घरचा पाठिंबा लागतो. एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, हे वाक्य घरातून आलेले असले की मुकादमासमोर "मी उतरणार नाही" म्हणणे सोपे जाते.

त्या प्लंबिंगवाल्या गृहस्थांना मी एक दिवस निरीक्षणाखाली ठेवायला पाठवले. ते बरे झाले. नंतर त्यांची पत्नी औषधे विचारायला आली, तेव्हा म्हणाली, "आता मी त्यांना रोज विचारते." त्या घरासाठी औषधांपेक्षा हे जास्त उपयोगाचे आहे.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. बाधा झाल्याची शंका असल्यास लेख वाचत न बसता लगेच रुग्णालयात जा.*