लिथियम : गोळीइतकीच रक्ततपासणीही आवश्यक

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. त्यांपैकी एखाद्या घरी द्विध्रुवी मनोविकाराचा रुग्ण असला, तर त्याच्या गोळ्या सामानात बांधल्या जातात. रक्ततपासणी मात्र मागे राहण्याचा संभव असतो. रुग्ण लिथियम घेत असल्यास ही उणीव जिवावर बेतू शकते.

या विकारात उन्माद व खिन्नता यांचे झटके पुनःपुन्हा येतात. त्यांवर लिथियमचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. हे औषध आजही अत्यंत गुणकारी मानले जाते. परंतु त्याची उपकारक मात्रा व अपायकारक मात्रा यांतील अंतर फार थोडे आहे. रक्तातील प्रमाण सामान्यतः दर लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल असावे, ते १.५ च्या पुढे गेल्यास विषबाधेचा धोका संभवतो.

लिथियम हा मिठाच्याच जातीचा क्षार आहे. शरीरातील पाणी व मीठ कमी झाले, की मूत्रपिंडे लिथियम बाहेर टाकण्याऐवजी राखून ठेवतात. म्हणूनच उन्हातील कष्ट, जुलाब, वांत्या, निर्जळी उपवास यांमुळे नेहमीचीच मात्रा घातक ठरू शकते. अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनीही हे प्रमाण वाढते.

औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सुमारे आठवड्याने, व पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी रक्त तपासावे. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे. मूत्रपिंडे व थायरॉईड ग्रंथी यांची तपासणी साधारणतः सहा महिन्यांनी करावी. हातांना मोठा कंप सुटणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, सतत वांत्या किंवा जुलाब होणे ही लक्षणे दिसताच पुढची गोळी न देता रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. एरवी मात्र बरे वाटते म्हणून औषध एकाएकी बंद करू नये; विकार उलटण्याची भीती असते.

स्थलांतरापूर्वी मनोविकारतज्ज्ञाची भेट घेऊन तपासणी उरकावी, पुढील तपासणी कोठे करावयाची ते ठरवावे व उपचारांचे कागद बरोबर न्यावेत. हे कागद मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाचा हक्क आहे. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा निःशुल्क दूरध्वनी आहे. कोयत्याबरोबर हे कागदही जपले, तर हंगाम संपल्यावर रुग्ण सुखरूप घरी परतेल.