पंचांगामुळे ग्रहण लागत नाही

बाळाच्या पाचवीला पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात; सटवाई येऊन नशीब लिहून जाते, असे मानतात. पण लिहिणे वेगळे आणि ठाऊक असणे वेगळे. देव सर्वज्ञ असेल तर माणसाला निवड उरते का, या वादात पहिली गफलत इथेच होते.

गैरसमज : देवाला आधीच ठाऊक, म्हणजे तोच करवतो.
वस्तुस्थिती : पंचांगात ग्रहणाची वेळ छापलेली असते, म्हणून पंचांग ग्रहण लावत नाही. संत ऑगस्टीनने आठवणीचा दाखला दिला. कालची गोष्ट आठवते, पण ती आठवणीने घडवलेली नसते, पूर्वज्ञानाचेही तसेच.

गैरसमज : म्हणजे पेच सुटला.
वस्तुस्थिती : नाही. ग्रहणाचे गणित जमते, कारण चंद्राला स्वतःची मर्जी नाही. माणसाला ती आहे म्हणावे, तर त्याचे गणित मांडणार कसे? अमेरिकी तत्त्वज्ञ नेल्सन पाइक यांनी १९६५ मध्ये पेच आणखी आवळला. मी उद्या काय करणार हे देवाला काल ठाऊक होते, त्याचे ज्ञान चुकत नाही आणि काल बदलता येत नाही. मग वेगळे वागणे माझ्या हाती कुठे राहिले?

गैरसमज : देव भविष्य ‘आधी’ पाहतो, हे सर्वांना मान्य आहे.
वस्तुस्थिती : रोमन तत्त्वज्ञ बोएथियसला नव्हते. इ. स. ५२४च्या सुमारास, मृत्युदंडापूर्वीच्या कैदेत त्याने मांडले की देव काळाबाहेर आहे. त्याला सगळे एकदम समोर दिसते. रस्त्याने जाणारा माणूस आपल्याला दिसतो, म्हणून काही तो नाइलाजाने चालत नसतो. स्पेनच्या लुइस दे मोलिनाने १५८८ मध्ये वेगळी वाट काढली : कोणत्या प्रसंगी कोण स्वेच्छेने काय करील, हेही देव जाणतो. त्यावरून जेझुइट आणि डोमिनिकन हे कॅथलिक संघ इतके भांडले की १६०७ मध्ये पोपने निकाल न देताच वाद थांबवला.

गैरसमज : भारतीय परंपरा म्हणजे दैववाद.
वस्तुस्थिती : नियतीपुढे प्रयत्न व्यर्थ, ही मक्खली गोशालाच्या आजीवक पंथाची शिकवण, बौद्ध आणि जैनांनी तिला विरोध केला. गीतेत दोन्ही सूर आहेत. सातव्या अध्यायात कृष्ण भूत, वर्तमान, भविष्य जाणतो. अकराव्यात अर्जुनाला निमित्तमात्र व्हायला सांगतो. अठराव्यात मात्र, नीट विचार कर आणि हवे तसे वाग, म्हणतो. शेवटी मोह गेला का, हे अर्जुनालाच विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो.